वाढविलेला वेग आणि उतरलेले मोल



वस्तूवर केलेला खर्च आणि वस्तूचे मोल या दोन गोष्टी एकच होत, असा समज लोकव्यवहारात फार खोलवर रुजलेला आहे. घरावर मजला चढविला की घराची किंमत वाढते; शेतात विहीर खणली आणि तिला पाणी लागले की जमिनीचा भाव वाढतो. त्याच न्यायाने मोटारगाडीचे इंजिन अधिक जोमदार केले, तिला रुंद चाके बसविली, तर गाडी विकताना ते पैसे व्याजासह परत यावेत, अशी मालकाची अपेक्षा असते. दिल्ली, गुरुग्राम, नोएडा, गाझियाबाद आणि फरिदाबाद या राजधानी-परिसरात वेगवान मोटारींचा शौक असलेला तरुण वर्ग मोठा आहे, आणि त्याच परिसरात जुन्या गाड्यांची उलाढालही फार मोठी चालते. या बाजारात वरील अपेक्षा बहुधा फोल ठरते. ती का फोल ठरते, आणि कोणत्या परिस्थितीत ठरत नाही, याचा विचार हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे.

प्रथम वेगवान मोटार म्हणजे काय, हे स्पष्ट केले पाहिजे. भारतात या वर्गातील बहुसंख्य गाड्या कोट्यवधी रुपयांच्या परदेशी गाड्या नसतात. २०१३ मध्ये बाजारात आलेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय ही या वर्गाची चांगली प्रतिनिधी म्हणता येईल. पुण्याजवळच्या चाकण येथील कारखान्यात तयार झालेल्या या लहानशा गाडीचे इंजिन अवघे १.२ लिटरचे, परंतु टर्बोचार्जरच्या साहाय्याने ते १०५ अश्वशक्ती देत असे. चाकणला पोलोचे उत्पादन २०२२ मध्ये थांबले. तथापि जुन्या बाजारात तिची मागणी थांबली नाही. तिच्याहून वरच्या पायरीवर स्कोडा ऑक्टाव्हिया ही गाडी येते. तिची २४५ अश्वशक्तीची व्हीआरएस आवृत्ती २०२० मध्ये भारतात केवळ २०० या संख्येने आणली गेली.

या गाड्यांच्या बाबतीत सर्वांत प्रचलित असलेला फेरबदल डोळ्यांना दिसतच नाही. आधुनिक इंजिनात पेट्रोल किती सोडावयाचे, ठिणगी केव्हा पाडावयाची आणि टर्बोचा दाब किती ठेवावयाचा, हे एक लहानसा संगणक ठरवितो. त्यातील आज्ञावली बदलली की तेच इंजिन अधिक शक्ती देऊ लागते. या क्रियेला ‘रीमॅप’ असे म्हणतात. काही तासांच्या कामात मिळणारी ही शक्ती पाहून मालकाला वाटते की, कारखानदाराने ती उगाच दडवून ठेवली होती. वस्तुस्थिती निराळी आहे. कारखानदार गाडी एका शहरासाठी किंवा एका ऋतूसाठी बनवीत नाही. दिल्लीच्या जून महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो; इंजिनात शिरणारी हवा तापलेली असते; मिळणारे पेट्रोल सर्वत्र सारख्या प्रतीचे असतेच असे नाही. या सर्व प्रतिकूल परिस्थितीत इंजिन वर्षानुवर्षे टिकावे, म्हणून शक्तीचा काही भाग राखून ठेवलेला असतो. रीमॅप करणारा मालक हीच राखीव पुंजी खर्च करीत असतो. १ डिसेंबर २०२० पासून इंडियन ऑइलने मथुरा शुद्धीकरण कारखान्यात तयार केलेले १०० ऑक्टेनचे पेट्रोल दिल्ली, गुरुग्राम आणि नोएडा येथे विक्रीस आणले. त्यामुळे एक अडचण कमी झाली हे खरे. पण पुढचा मालक तेच महागडे पेट्रोल भरील, याची हमी कोण देणार?

इंजिनापाशीच प्रश्न संपत नाही. ऑक्टाव्हियाच्या १.८ लिटर पेट्रोल आवृत्तीचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. भारतात या गाडीला सात गतींची कोरड्या क्लचची स्वयंचलित गिअरपेटी दिलेली होती. त्या पेटीला २५० न्यूटन-मीटर इतका टॉर्क, म्हणजे फिरविण्याचा जोर, झेपतो. आणि इंजिनही नेमक्या तेवढ्याच मर्यादेवर बांधून ठेवलेले होते. अन्य काही देशांत याच इंजिनाला अधिक सशक्त गिअरपेटी जोडून त्याचा जोर वाढविलेला होता. म्हणजे इंजिनाची क्षमता होती, पेटीची नव्हती. अशा गाडीत केवळ इंजिनाचा जोर वाढविणे म्हणजे जुन्या दोरावर मोठी मोट बांधण्यासारखे आहे. मोट भरून येते. दोर कधी तुटेल ते मात्र सांगता येत नाही.

जुन्या गाडीच्या मोलाचा प्रश्न येथूनच सुरू होतो. विकणाऱ्याला दोराची अवस्था ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. या विषमतेचे शास्त्रीय विवेचन जॉर्ज अॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने केले. त्याच्या निबंधाचा विषयच मुळी जुन्या मोटारींचा बाजार हा होता. अमेरिकन बोलीत सदोष गाडीला ‘लिंबू’ म्हणतात, आणि तोच शब्द निबंधाच्या शीर्षकात आहे. अॅकरलॉफचे म्हणणे थोडक्यात असे : चांगली गाडी कोणती आणि सदोष कोणती हे गिऱ्हाइकाला ओळखता येत नसेल, तर तो दोन्हींसाठी सरासरी किंमतच देऊ करतो. ती किंमत चांगल्या गाडीच्या मालकाला परवडत नाही, म्हणून तो बाजारातून निघून जातो. उरतात त्या बहुतांशी सदोष गाड्या. त्यामुळे सरासरी आणखी उतरते. तीन नियतकालिकांनी नाकारलेला हा निबंध अखेर १९७० मध्ये प्रसिद्ध झाला, आणि २००१ मध्ये त्याच्या कर्त्याला अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. विशेष म्हणजे १९६७-६८ हे वर्ष अॅकरलॉफने भारतात घालविले होते, आणि निबंध नाकारल्याचे पहिले पत्र त्याला येथील मुक्कामातच मिळाले.

फेरबदल केलेल्या वेगवान गाडीला हा सिद्धान्त दुप्पट बळाने लागू पडतो. ज्याने इंजिनाचा जोर वाढविला त्याने तो वापरलाही असेल, असे अनुमान गिऱ्हाईक काढतो. ते प्रत्येक वेळी खरे असते असे नाही. एखादा मालक गाडी अत्यंत जपून वापरतो, तेल वेळेपूर्वी बदलतो, प्रत्येक कामाची पावती जपून ठेवतो. परंतु रस्त्यावर रात्री शर्यती लावणाऱ्या दुसऱ्या मालकाची गाडीही बाहेरून तशीच दिसते. करोल बागेतील अनुभवी व्यापारी या दोहोंत फरक करीत बसत नाही. तो दोघांनाही कमी भाव सांगतो. सज्जन मालकाने दुसऱ्याच्या धसमुसळेपणाची किंमत मोजावी, हा या बाजाराचा निष्ठुर नियम आहे.

दुसरे कारण गिऱ्हाइकांच्या संख्येचे आहे. कारखान्यातून आली तशी गाडी शंभर जणांना चालते. तिला खाली बसविले, तर रस्त्यावरील गतिरोधकांना भिणारे त्यांतून वगळले जातात. कर्कश सायलेन्सर लावला, तर कुटुंबवत्सल गिऱ्हाईक निघून जातो. भडक रंग दिला, तर आणखी काही जण पाठ फिरवितात. उरतो तो पहिल्या मालकासारख्याच आवडीचा एखादा तरुण. आणि त्याच्या मनात स्वतःच्या फेरबदलांची निराळीच यादी तयार असते. ज्याला खरोखर असा शौक आहे त्याला दुसऱ्याने केलेले काम नको असते, हा या व्यवहारातील मोठा विरोधाभास होय.

तिसरे कारण कायद्याचे. आणि ते सर्वांत गंभीर आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या ५२ व्या कलमान्वये, कारखानदाराने मुळात नमूद केलेल्या आणि नोंदणी-प्रमाणपत्रात दाखल असलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकास करता येत नाही. या कलमाला आजचे कडक रूप २००० सालच्या दुरुस्तीने मिळाले. ९ जानेवारी २०१९ रोजी, केरळातील एका प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ निःसंदिग्धपणे सांगितला. उच्च न्यायालयाने दिलेली सवलत रद्द ठरली. त्याच वर्षी अधिनियमात घातलेल्या १८२-अ या कलमानुसार बेकायदेशीर फेरबदल करणाऱ्या मालकास प्रत्येक फेरबदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. यात ‘प्रत्येक’ हा शब्द महत्त्वाचा आहे.

कायद्याने सर्वच वाटा बंद केलेल्या नाहीत. पूर्वपरवानगीने त्याच प्रकारचे इंजिन बदलता येते. मान्यताप्राप्त संच बसवून गाडी सी.एन.जी.वर किंवा विजेवर चालविता येते. अपंग व्यक्तीसाठी गाडी अनुकूल करून घेता येते. रंग बदलल्यास त्याची नोंद करून घेता येते. दिल्लीकरांना तर इंधनबदलाची चांगलीच ओळख आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ जुलै १९९८ च्या आदेशानंतर या शहरातील सार्वजनिक बसगाड्या सी.एन.जी.वर आल्या. यावरून असे दिसते की, कायद्याचा रोख बदलावर नसून नोंद नसलेल्या बदलावर आणि सुरक्षितता धोक्यात आणणाऱ्या बदलावर आहे. प्रमाणपत्रावरील इंजिन-क्रमांक आणि प्रत्यक्षातील क्रमांक जुळला नाही, तर ती गाडी वेगवान आहे की नाही हा प्रश्नच उरत नाही. ती चोरीची तर नाही ना, हा प्रश्न पुढे येतो.

चौथे कारण विम्याचे आहे. विमा-व्यवहारात गाडीचे मूल्य कारखानदाराच्या विक्री-किमतीवरून ठरते, आणि वयानुसार त्यात घट धरली जाते : पहिल्या सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एका वर्षापर्यंत १५, दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या वर्षी ३०, चौथ्या वर्षी ४० आणि पाचव्या वर्षी ५० टक्के. या कोष्टकात मालकाने पदरचे घातलेल्या पैशांना जागा नाही. निराळ्या जाहीर केलेल्या उपसाधनांचे मूल्य त्यात धरता येते. परंतु त्यासाठी ते जाहीर केलेले असावे लागते. विमा हा परस्परांच्या पूर्ण विश्वासावर उभा असलेला करार आहे. जोखीम वाढविणारा फेरबदल लपविला गेला असेल, तर अपघातानंतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला जाण्याचा धोका असतो. हा धोका गाडीबरोबरच नव्या मालकाकडे जातो. त्याला फेरबदलाची कल्पनाही नसेल, तर त्याच्यावर होणारा अन्याय अधिकच मोठा.

आता राजधानी-परिसराचे वेगळेपण पाहू. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१४ आणि २०१५ मध्ये दिलेल्या आदेशांनी या परिसरात १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्या आणि १० वर्षांवरील डिझेल गाड्या रस्त्यावर आणण्यास बंदी घातली. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. १ जुलै २०२५ पासून दिल्लीत अशा गाड्यांना इंधनच न देण्याचा उपक्रम सुरू झाला, आणि थोड्याच दिवसांत स्थगित झाला. १२ ऑगस्ट २०२५ रोजी न्यायालयाने केवळ वयाच्या कारणावरून मालकांवर सक्तीची कारवाई करू नये असे सांगितले. आणि १७ डिसेंबर २०२५ रोजी हे संरक्षण भारत स्टेज ४ व त्यापुढील गाड्यांपुरते मर्यादित केले. नियमांच्या या हेलकाव्यांमुळे येथील गिऱ्हाईक गाडीच्या आयुष्याची वर्षे बोटांवर मोजतो. म्हणून वय झालेली गाडी स्वस्तात दुसऱ्या राज्यात पाठविणे, हा येथील व्यापाराचा एक नेहमीचा मार्ग झाला.

फेरबदल केलेल्या गाडीला नेमका हाच मार्ग अरुंद होतो. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी ठेवावयाची, तर तेथे नवी नोंदणी आवश्यक असते. त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते, आणि नव्या कार्यालयात गाडी तपासणीसाठी उभी करावी लागते. दिल्लीतील भाव ऐकून हुरळून गेलेल्या पुण्याच्या किंवा नाशिकच्या गिऱ्हाइकाने हे ध्यानात ठेवावे. स्वस्त गाडीवर महाराष्ट्राचा पथकर भरावयाचा, वाहतुकीचा खर्च सोसावयाचा, आणि शेवटी निरीक्षकाने सायलेन्सरकडे किंवा बदललेल्या इंजिनाकडे बोट दाखवावयाचे, असा प्रसंग ओढवला तर स्वस्ताई कोठल्या कोठे नाहीशी होते.

हा सर्व हिशेब एका काल्पनिक उदाहरणाने मांडता येईल. समजा, फेरबदल न केलेल्या एका गाडीला बाजारात ८ लाख रुपये मिळतात. तशाच दुसऱ्या गाडीवर मालकाने ३ लाख खर्च केले : रीमॅपला ६० हजार, सायलेन्सरला ७० हजार, चाके-टायरना ९० हजार आणि सस्पेन्शनला ८० हजार. तो १० लाख मागतो. व्यापारी मूळ भाग शोधण्याचा व बसविण्याचा खर्च, गाडी पडून राहण्याचा काळ आणि गिअरपेटीची अनिश्चितता वजा करून ७ लाख सांगतो. मालकाने मूळ भाग घरी जपून ठेवले असतील, तर त्याला दुसरी वाट आहे. २० हजार मजुरी देऊन तो गाडी पूर्ववत करू शकतो. सायलेन्सर, चाके आणि सस्पेन्शन ही २ लाख ४० हजारांची सामग्री शौकिनांना निम्म्या किमतीत विकू शकतो. गाडीचे ८ लाख आणि सामानाचे १ लाख २० हजार, त्यांतून मजुरी वजा जाता ९ लाख हाती येतात. म्हणजे खर्च केलेल्या तीन लाखांपैकी एक लाख परत आले, आणि तेही भाग वेगळे विकले म्हणून. रीमॅपचे ६० हजार मात्र कायमचे गेले.

येथे एका नैतिक प्रश्नाकडे डोळेझाक करता येत नाही. गाडी पूर्ववत केली म्हणजे तिचा इतिहास पुसला गेला असे नाही. वाढविलेल्या जोरावर चाळीस हजार किलोमीटर धावलेला क्लच मूळ आज्ञावली परत भरल्याने नवा होत नाही. पूर्ववत केलेली गाडी ‘कधीच हात न लावलेली’ म्हणून विकणे ही फसवणूक होय. इतिहास सांगितल्याने भाव थोडा उतरेल. परंतु बाजारातील एकंदर विश्वास वाढविण्याचा तोच एक उपाय आहे. ज्या मालकाजवळ कोणता भाग, केव्हा, कोणाकडून बसविला याच्या पावत्या असतात, त्याच्या गाडीला निनावी कामाच्या गाडीपेक्षा जाणकार गिऱ्हाईक लवकर मिळतो.

फेरबदलाने मोल वाढल्याची उदाहरणे जगात नाहीत असे नाही. जर्मनीत १९६५ मध्ये सुरू झालेल्या आल्पिनाने बीएमडब्ल्यू गाड्यांवर, आणि १९६७ मध्ये सुरू झालेल्या एएमजीने मर्सिडीज गाड्यांवर काम करीतच नाव मिळविले. परंतु आल्पिनाला १९८३ मध्ये स्वतंत्र मोटार-उत्पादक म्हणून मान्यता मिळाली, आणि एएमजी पुढे मर्सिडीजच्याच कुटुंबात सामावली. आपल्याकडे २०१८ मध्ये टाटा मोटर्सने कोइंबतूरच्या जेयम ऑटोमोटिव्ह्जच्या सहकार्याने टियागो जेटीपी ही वेगवान आवृत्ती आणली. इंजिन, सस्पेन्शन, चाके, सारेच बदललेले, परंतु कारखानदाराच्या जबाबदारीवर आणि रीतसर मान्यतेसह. तिचे उत्पादन फार काळ टिकले नाही. तरी मुद्दा स्पष्ट होतो. बदल तोच असतो. त्याच्यामागे जबाबदारी घेणारा कोणी उभा आहे की नाही, यावर त्याचे मोल ठरते.

दुसऱ्या टोकाला जुन्या, दुर्मीळ गाड्यांचे जग आहे. दिल्लीत स्टेट्समन वृत्तपत्राने १९६४ मध्ये जुन्या मोटारींची रॅली सुरू केली. अशा गाड्यांसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये स्वतंत्र नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी आणि सांगाडा, बाह्यांग किंवा इंजिन यांत मोठा बदल न झालेली गाडीच या नोंदणीस पात्र ठरते. म्हणजे काळाच्या कसोटीवर मौलिकतेलाच मान मिळतो. केवळ २०० संख्येने आलेल्या ऑक्टाव्हियाचा विचार याच दृष्टीने करावा. तीतील जसजशा गाड्या बदलल्या जातील, तसतशी न बदललेली गाडी अधिक दुर्मीळ होत जाईल.

सारांश, तीन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. कारखानदाराने मान्य केलेल्या मापाचे उत्तम टायर, चांगले ब्रेक-पॅड आणि नियमित देखभाल यांवरील खर्च भाव वाढवीत नसला तरी गाडी लवकर विकण्यास मदत करतो. काढता येण्याजोगे बदल करावयाचे असतील, तर ते कायद्याच्या मर्यादेत करावेत आणि मूळ भाग जपून ठेवावेत. सांगाडा कापणे, इंजिन परस्पर बदलणे, यांसारखे न परतणारे बदल करताना गाडी विकावयाची आहे हा विचारच सोडून द्यावा. ग्रेटर नोएडा येथील बुद्ध सर्किटवर ३० ऑक्टोबर २०११ रोजी भारतातील पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. वेगाची हौस भागविण्याचे योग्य स्थान सार्वजनिक रस्ता नसून असे बंदिस्त मैदान आहे.

फेरबदलाचा खर्च ही गुंतवणूक नव्हे. तो हौसेचा खर्च आहे, आणि तसा समजून केला तर त्यात गैर काही नाही. तरुण माणसाने पगारातून साठविलेले तीन लाख रुपये उद्या परत येतील या भरवशावर खर्च करू नयेत, एवढेच येथे सांगावयाचे आहे. आणि गाडी ज्याच्या हाती जाणार आहे, त्या अनोळखी माणसाचे कुटुंबही तीत बसणार आहे. आपण काय बदलले हे त्याला किल्लीबरोबरच लेखी देणे, हे विकणाऱ्याचे अखेरचे कर्तव्य होय.